उलटी अक्षरं

गणपत गल्लीत, बांगड्यांच्या दुकानाला खेटून
साडेचार फुटांचं आमचं दुकान.
रबरी शिक्के करून मिळतील.
बाबा, यल्लोजी, म्हणायचे: उलटं काप,
म्हणजे लोकांना सुलटं दिसतंय.

मार्कंडेय मर्कंटाइल बँकेचा पहिला शिक्का त्यांच्या हातचा.
तेव्हा बँकेला तीन मालक होते: एक कापसाचा,
एक मिरचीचा, तिसऱ्याचा धंदा काय
ते कुणालाच नीट ठाऊक नव्हतं,
पण सही त्याचीच चालायची.
वर इंग्रजी, खाली मराठी, मधे नदीची एक लाट.
लाट कापताना बाबांचा चाकू घसरला,
'ड'च्या पोटात खाच राहिली.
हेडक्लार्क बाळेकुंद्रीकर म्हणाले,
राहू दे की, नदीत खडक असतोच.

मग मिरचीवाल्यानं कापूसवाल्याला विकत घेतलं.
मग मिरचीसकट सगळ्यांना कोल्हापूरच्या बँकेनं.
दर वेळी शिपाई दुंडाप्पा यायचा
हातरुमालात जुने शिक्के बांधून,
आणि साक्षीला उभा राहायचा
मी ब्लेडनं त्यांचे गळे कापेपर्यंत.
नियमच तसा.
नंतर आम्ही चहा घ्यायचो, न बोलता,
मसणवाटेतून आल्यासारखा.

मग हिंदी आली. मग कन्नड वर गेलं, मराठी खाली.
मग खालची जागा संपली.
गल्लीत मोर्चा निघाला, बंद पाळला गेला,
मीही शटर ओढलं
आणि आत बसून तोच शिक्का पुरा केला.
खरं सांगायचं तर
कन्नड अक्षरं गोल, मनगट आपसूक वळतं.
मराठीला डोक्यावर रेघ,
ती सरळ यायला श्वास धरावा लागतो.
पैसे दोन्हींचे मिळाले.
श्वासाचे वेगळे मी लावले नाहीत.

पुढं बंगळूर. पुढं मुंबईची कुठलीशी कंपनी,
आणि तिच्यातला मोठा वाटा डब्लिनच्या एका बँकेचा.
दुंडाप्पा म्हणाला, हे कुठं आलं, हुबळीच्या पुढं?
कणबर्गी मास्तरांनी नकाशा उलगडला.
नखाएवढं बेट, त्यावर एक तुटक रेघ.
"त्यांच्यात पण सीमा हाय म्हणा की,"
दुंडाप्पा म्हणाला,
जरा बरं वाटल्यासारखा.
वर्षभरात कळलं, ती बँकही विकली गेली,
तिलाही आधी दुसरे मालक होते,
त्यांच्याआधी आणखी कुणी.
म्हणजे तिकडंही कुणी बसला असेल
उलटी अक्षरं कापत,
थंडीनं रबर कडक होत असेल त्याचं.

गेल्या शनिवारी तुळसाक्का हलगेकर आली.
हातात ठेवपावती, त्रेसष्ट सालची,
सासऱ्याच्या नावावर रुपये दोनशे.
काउंटरवरचा पोरगा म्हणाला होता,
ही बँक आमची नाही,
आमच्या बँकेच्या बँकेची असेल.
मी भिंग लावलं.
लाट होती. 'ड'च्या पोटात खाच होती.
"खरी आहे," म्हटलं, "माझ्या बापाची चूक आहे ही."

मॅनेजर मदुराईकडचा, भला माणूस.
फोनवर म्हणाला, लिहून द्या तसं,
खाली दुकानाचा शिक्का मारून.

दुकानाचा शिक्का.
एकोणसत्तर वर्षांत आम्ही तो केलाच नव्हता.

दिवा जवळ ओढला, रबराचा तुकडा घेतला.
वर कुठली लिपी, खाली कुठली, ठरेना.
तुळसाक्का बाकावर पाय वर घेऊन बसलेली,
घाई नाही म्हणाली, शेवटची बस नऊला.
शेवटी नुसतं 'यल्लोजी' घ्यायचं ठरवलं.
श्वास धरला, वरची रेघ ओढली,
आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच
पहिलं अक्षर सुलटं कापून बसलो.